निरुपयोगी छंदाचा उपयोग

शहाण्यासुरत्या घरांत ‘छंद’ या शब्दाला फारसा मान नाहीं. ‘त्याला नाटकांचा छंद लागला’ असें म्हणतांना बोलणाराचा सूर बहुधा तक्रारीचाच असतो. मुलगा वह्यापुस्तकें बाजूस सारून तारा, स्क्रू आणि जुन्या यंत्रांचे सांगाडे घेऊन बसला, म्हणजे वडील विचारतात, “यांतून मिळणार काय?” शाळामास्तराच्या पेशांत हा प्रश्न पालकांच्या तोंडून आम्हीं इतक्या वेळां ऐकला आहे कीं, त्याचें उत्तर एकदां सावकाशपणें द्यावें असें बरेच दिवस मनांत होतें. ‘पैसा मिळणार नाहीं’ हें उत्तर प्रामाणिक खरें, पण तें अर्धेंच आहे. उरलेलें अर्धें सांगण्यासाठीं, ज्या छंदांतून एक दमडीही मिळविण्यास कायद्याचीच मनाई आहे अशा एका छंदाची हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

हा छंद म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाचा. जगभर त्याला ‘हॅम रेडिओ’ म्हणतात. सरकारी परीक्षा द्यावयाची, परवाना व त्याबरोबर एक सांकेतिक नांव मिळवावयाचें, घरांत एक लहानसें प्रेषकयंत्र ठेवावयाचें, गच्चीवर किंवा परसांतल्या माडाला तार बांधावयाची, आणि रात्रीं निजानीज झाल्यावर शेंकडों कोसांवरच्या अनोळखी माणसाशीं बोलावयाचें. बोलणें तरी काय? हवा कशी आहे, आमचा आवाज कसा येतो, यंत्र कोणतें वापरतां, एवढेंच! आपल्या देशांतील हौशांचीं सांकेतिक नांवें बहुधा ‘व्ही. यू.’ या अक्षरांनीं सुरू होतात. या संभाषणाचा मोबदला घेतां येत नाहीं, त्यावर व्यापार करतां येत नाहीं. इंग्रजींत अशा माणसाला जो ‘अ‍ॅमॅच्युअर’ शब्द आहे त्याचें मूळ लॅटिन भाषेंतल्या ‘प्रेम करणें’ या अर्थाच्या धातूंत आहे; आपला ‘हौशी’ हा शब्द त्याला चांगला शोभतो.

आतां वादळाकडे वळूं. अटलांटिक महासागर, कॅरिबियन समुद्र व मेक्सिकोचें आखात या टापूंत जून ते नोव्हेंबर या महिन्यांत जीं प्रचंड वादळें उठतात त्यांना ‘हरिकेन’ म्हणतात. हा शब्द तेथील मूळच्या टाइनो लोकांच्या भाषेंतून स्पॅनिशच्या मार्गानें इंग्रजींत आला. आपल्या समुद्रांत उठणाऱ्या त्याच जातीच्या वादळाला ‘सायक्लोन’ हें नांव दिलें तें कलकत्त्यास राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन या इंग्रज गृहस्थानें, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. ज्या ग्रीक शब्दकुळांतून त्यानें तें घेतलें त्याचें आणि आपल्या ‘चक्र’ शब्दाचें मूळ एकच आहे. तेव्हां ‘चक्रीवादळ’ म्हणतांना आपण त्याच घराण्यांतला शब्द उच्चारतों.

अशा वादळाच्या मध्यभागीं ‘डोळा’ असतो. तेथें वारा पडतो, कधीं आकाशही मोकळें दिसतें. संकट टळलें असें समजून भोळीं माणसें बाहेर पडतात, आणि थोड्याच वेळानें वारा उलट दिशेनें पहिल्याच आवेशानें येतो. म्हणून अशा रात्रीं घरांत कोंडून बसलेल्या माणसाला अन्नाइतकीच गरज असते ती माहितीची. वादळ कोठवर आलें, किती वेळ राहील, ही शांतता खरी कीं फसवी, हें त्याला कळावयास हवें. आणि वादळाचा पहिला घाव बसतो तो नेमका याच ठिकाणीं.

टेक्सासच्या किनाऱ्यावरील गॅल्व्हेस्टन शहराचें उदाहरण पाहा. ८ सप्टेंबर १९०० रोजीं समुद्र त्या शहरावर चढला. निदान ६,००० माणसें गेलीं. पूल वाहून गेले, तारायंत्राचे खांब आडवे झाले. एवढा अनर्थ झाल्याची वार्ता बाहेर जाण्यास मार्गच उरला नाहीं. अखेर वांचलेल्यांपैकीं कांहीं जण बोटींतून खाडी ओलांडून गेले, त्यांनीं ह्यूस्टन गांठलें, आणि तेथून तारा सुटल्या. मदत मागण्यासाठीं सुद्धां आधीं पाणी ओलांडावें लागलें!

पुढें चौदा वर्षांनीं, म्हणजे १९१४ सालीं, हार्टफर्ड गांवच्या हायरम पर्सी मॅक्सिम या गृहस्थाला सुमारें तीस मैलांवरच्या स्प्रिंगफील्डला बिनतारी निरोप पाठवावयाचा होता. त्याचें यंत्र तेथवर पोंचेना. तेव्हां मधल्या गांवच्या एका हौशानें तो निरोप घेऊन पुढें पोंचविला. एवढ्याशा प्रसंगावरून मॅक्सिमला सुचलें कीं, देशभरच्या हौशांनीं एकमेकांचे निरोप असेच पुढें द्यावे. आणि त्याच सालीं ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ ही संस्था निघाली. आग लागली असतां विहिरीपासून घरापर्यंत घागरी हातोहात नेणाऱ्या माणसांची रांग वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावी, म्हणजे या ‘रिले’चें मर्म ध्यानांत येईल.

१९६५ सालीं ‘बेट्सी’ नांवाचें वादळ आलें तेव्हां अशाच हौशांचा एक मेळा जमला. तो आजही ‘हरिकेन वॉच नेट’ या नांवानें चालू आहे. १४.३२५ मेगाहर्ट्‌झ ही त्यांची दिवसाची ठरलेली जागा, रात्रीं ७.२६८. वस्तीच्या किनाऱ्याला वादळ भिडणार असें दिसलें कीं मेळा जागा होतो. एक जण सूत्रधार होतो व बाकीचे गप्प राहतात. वादळाच्या वाटेवरील बेटांतून कोणी बोलूं लागला तर त्याला सर्वांनीं वाट द्यावयाची. तो वाऱ्याचा वेग, हवेचा दाब, डोळ्यांदेखत झालेली पडझड सांगतो. ती माहिती मायामी येथील राष्ट्रीय हरिकेन केंद्राकडे जाते. त्या केंद्रांत १९८० पासून हौशांचें स्वतंत्र बिनतारी ठाणें आहे, व तेथून ती अंदाज वर्तविणाऱ्या तज्ज्ञांच्या हातीं पडते. उलट केंद्राचे ताजे इशारे त्याच वाटेनें अंधारांत बसलेल्या माणसापर्यंत येतात.

यांत आम्हांला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती मौनाची. कितीतरी माणसें कानाला यंत्र लावून बसलेलीं, प्रत्येकाजवळ बोलण्याचें साधन, आणि तरी कामावांचून कोणी बोलत नाहीं. कां, तर कोठल्या तरी बेटावरचा एक क्षीण आवाज आपल्या बोलण्याखालीं बुडूं नये. मोठ्या कुटुंबांत राहणाऱ्यांना हें तप किती कठीण तें सांगावयास नको! आजाऱ्याच्या खोलीबाहेर आपल्याकडे दहा माणसें दहा उपाय सांगत असतात, आणि आजारी काय म्हणतो तें कोणाच्याच कानीं पडत नाहीं.

हे आवाज इतक्या दूर जातात कसे, असें घरांतलीं मुलें विचारतील. वातावरणाच्या वरच्या भागांत सूर्यकिरणांनीं विद्युत्‌भारित झालेले थर आहेत. ठराविक लांबीच्या लहरी त्या थरांत वळून पुन्हां पृथ्वीवर उतरतात. दिवसा आणि रात्रीं या थरांची स्थिति बदलते, म्हणून दिवसाची जागा निराळी व रात्रीची निराळी. अर्थात् सूर्य हाच या विद्येचा धनी, आणि तो एकदां भलत्याच वेळीं कोपलाही. ६ सप्टेंबर २०१७ रोजीं ‘इर्मा’ हें वादळ कॅरिबियन बेटें झोडपीत असतांनाच सूर्यावर, त्या सुमारें अकरा वर्षांच्या आवर्तनांतला सर्वांत मोठा उद्रेक झाला, व त्या टापूंतलें बिनतारी संभाषण कांहीं तास बंद पडलें. तेव्हां हा छंद म्हणजे रामबाण नव्हे, हेंही सांगितलें पाहिजे.

दोनच आठवड्यांनीं ‘मरिया’ आलें. १८ सप्टेंबरच्या रात्रीं तें डोमिनिका या लहानशा बेटावरून गेलें. तेथें पंतप्रधानांच्या घराचेंही छप्पर उडालें, मग सामान्यांची काय कथा! २० सप्टेंबरच्या सकाळीं तें ताशीं सुमारें २५० किलोमीटर वेगानें पोर्तो रिकोवर आदळलें. सबंध बेटाची वीज गेली, मोबाईलचे शेंकडा नव्वदांहून अधिक मनोरे मुके झाले. कांहीं घरांत दिवा लागावयास पुढचा ऑगस्ट उजाडला. पाहणीअंतीं सरकारनें मृतांचा आंकडा २,९७५ मान्य केला; त्यांत वादळाच्या दिवशीं दगावलेल्यांपेक्षां पुढील महिन्यांच्या हालांत गेलेले पुष्कळच अधिक होते.

त्या दिवसांत अमेरिकन रेडक्रॉसनें लीगकडे हौशी माणसें मागितलीं, आणि २२ स्वयंसेवक यंत्रें घेऊन बेटावर उतरले. बेटावरचे हौशी तर आधींपासूनच कामाला लागले होते, आपल्या स्वतःच्या घरीं वीज नसतांना. मोटारीची बॅटरी, हातभर पेटी आणि दोन खांबांमधली तार, एवढ्यावर त्यांचें ठाणें उभें राहतें. त्यांचा निरोपांचा क्रमही ठरलेला असतो. जिवावरचें संकट आधीं, मग औषधपाणी व वीज यांच्या कामाचे निरोप, आणि मग क्षेमकुशल. ‘आम्ही सुखरूप आहों’ या तीन शब्दांची पाळी शेवटीं येते खरी, पण न्यूयॉर्क-फ्लोरिडांत राहणारीं त्या बेटावरचीं लेंकरें त्याच तीन शब्दांसाठीं रात्रींमागून रात्री जागत होतीं. त्यांच्या मनाची स्थिति आपल्याकडे निराळी सांगावयास नको. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस आलें, माडापोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या, वीज व फोन गेले. तेव्हां टाळेबंदीमुळें गांवीं जातां येत नाहीं आणि आईबापांचा आवाजही कानीं येत नाहीं, अशा अवस्थेंत पुण्यामुंबईच्या कित्येक घरांनीं दिवस काढले आहेत.

निरोप कसा प्रवास करतो त्याचा एक मासला देतों. २९ ऑगस्ट २००५ रोजीं ‘कतरिना’ वादळ आलें व न्यू ऑर्लिन्स शहरांत पाणी शिरलें. तेथें एका घराच्या छपरावर पंधरा माणसें अडकलीं. गांवांतल्या गांवांत फोन लागेना; मात्र दूरच्या ओक्लाहोमा राज्यांतील नातलगाला लागला. नातलगानें रेडक्रॉसला सांगितलें, तेथून तें हौशांच्या हातीं गेलें, आणि एकानें दुसऱ्याला सांगत निरोप पुन्हां लुइझियानांतील सुटकेच्या पथकांकडे आला. माणसें वांचलीं. जवळच्या पथकाला कळावें म्हणून निरोपानें शेंकडों कोसांची प्रदक्षिणा केली, पण वाटेंत तो कोणीं खालीं ठेवला नाहीं.

आपल्याकडचेंही उदाहरण आहे. डिसेंबर २००४ मध्यें भारती प्रसाद या हौशी बाई आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. हेतु केवळ छंदाचा. अंदमानांतून हौशी आवाज फार दिवसांत निघाला नव्हता, म्हणून जगभरचे छांदिष्ट त्याची वाट पाहत होते. व्यवहारी माणसानें याहून निरर्थक प्रवास तो कोणता म्हटलें असतें! २६ डिसेंबरला सुनामी आली, इतर संपर्क तुटला, आणि त्याच यंत्रांवरून बेटावरच्या माणसांचे निरोप मुख्य भूमीवर जाऊं लागले.

कोणी म्हणेल, आतां उपग्रह आहेत, मोबाईल आहेत, या जुन्या खटाटोपाचें काय प्रयोजन? उपग्रहाचे फोन उपयोगी आहेतच, व ते वाढावे. पण मोबाईलचा मनोरा विजेवर, जमिनींतल्या तारेवर, दूरच्या केंद्रावर अवलंबून. एक कडी तुटली कीं सांखळी गेली. हौशाचें ठाणें दोन टोंकांच्या दोन माणसांवर उभें असतें. शिवाय यंत्र विकत मिळतें. मध्यरात्रीं खरखरीतून अर्धवट शब्द ओळखण्याचा कान विकत मिळत नाहीं. तो वर्षानुवर्षें ‘हवा कशी आहे’ असें निरर्थक बोलूनच तयार होतो. रिकाम्या वेळचें तें बोलणें हीच त्याची तालीम होती, हें वादळाच्या रात्रीं कळतें.

सर्वांनीं उद्यां गच्चीवर तारा बांधाव्या असें आमचें म्हणणें नाहीं. मुलाचा छंद पाहून पालकांनीं तीन गोष्टी मात्र तपासाव्या: त्यानें हाताला कांहीं कसब येतें काय, अनोळखी माणसांशीं सभ्यपणें वागण्याची सवय लागते काय, आणि आपली पाळी येईपर्यंत गप्प बसण्याचें वळण पडतें काय. तिन्हींचें उत्तर होकारार्थी असेल, तर त्या मुलाला परीक्षा झाल्यावर खुशाल तारा जोडूं द्याव्या. ‘यांतून मिळणार काय’ याचें उत्तर आज कोणालाच देतां यावयाचें नाहीं. तें एखादे रात्रीं भलत्याच गांवच्या, भलत्याच माणसाला मिळेल, आणि आपल्या घराचें नांवही त्याला ठाऊक नसेल. इत्यलम्.