जिवाणूंचा खुराक
लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरच्या परिसरात सोयाबीन पिकतं. तेल काढल्यावर उरणारी, प्रथिनांनी भरलेली पेंड बहुतेक कोंबड्यांपुढे जाते. तीच प्रोबायोटिक जिवाणूंनाही चालू शकते.

त्यांतला लॅक्टोबॅसिलस मोठा चोखंदळ! बरीचशी अमिनो आम्लं आणि ब-जीवनसत्त्वं त्याला स्वतः बनवता येत नाहीत. सगळं आयतं हवं. म्हणून डी मान, रोगोसा आणि शार्प यांनी १९६० मध्ये एमआरएस माध्यम बेतलं: लिटरला २० ग्रॅम ग्लुकोज, शिवाय पेप्टोन, यीस्टचा अर्क, मांसाचा अर्क. प्रयोगशाळेत उत्तम, कारखान्यात महाग. शाकाहारी गिऱ्हाइकाला तर सांगायचीही सोय नाही.

स्वस्त, शाकाहारी पर्याय हवा तर साखरेसाठी पनीरची निवळी घ्यावी; तिच्यात साडेचार-पाच टक्के लॅक्टोज असतं. तिला विकरांनी पचवलेल्या सोयापेंडीची जोड द्यावी, आम्लता सांभाळावी. नेमकं प्रमाण विदर्भातल्या विद्यापीठांनी बसवून द्यावं. लोणार सरोवरातल्या जिवाणूंवर इतके प्रबंध झाले, एखादा पेंडीवरही होऊ द्या.