थंड हौद्याचेही पासिंग व्हावे

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली.

विषय: शीतवाहक ट्रेलरच्या योग्यता तपासणीत हौदा व शीतकरण यंत्र यांचा समावेश होण्याबाबत.

मा. मंत्री महोदय,

वाहतूक व्यवसायात ज्याला सरसकट ‘रीफर’ म्हटले जाते तो शीतवाहक ट्रेलर नोंदणीपुस्तकात एकच वाहन असला, तरी प्रत्यक्षात ती तीन वस्तूंची जोडणी असते: खाली चाके, ब्रेक व सांगाडा, त्यावर उष्णता आत येऊ न देणारा बंद हौदा, आणि हौद्याच्या पुढच्या भिंतीवर स्वतःचे डिझेल इंजिन असलेले शीतकरण यंत्र. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 56 प्रमाणे मिळणारे योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेतले ‘फिटनेस’ किंवा ‘पासिंग’, वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. परंतु त्यासाठी होणारी तपासणी या तिन्हींपैकी पहिल्याच वस्तूची असते. ज्या कामासाठी ट्रेलर बांधला गेला, ते काम तो अजून करू शकतो की नाही, हा प्रश्न पासिंगच्या रांगेत विचारलाच जात नाही. तो विचारला जावा, एवढ्याचसाठी हे पत्र आहे.

ते भोपाळच्या अरेरा कॉलनीतून आणि मराठीत लिहिले जात आहे, याला कारण आहे. या वसाहतीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. दहा नंबर मार्केटमधल्या दुकानांच्या फ्रीजरमधला गोठवलेला वाटाणा, आइस्क्रीम आणि पनीर, तसेच औषधांच्या दुकानांतले इन्सुलिन यांवर त्यांचेही घर चालते, आणि दक्षिणेकडून येणारा असा माल बैतूल, इटारसी, नर्मदापुरम आणि मंडीदीप या मार्गाने, म्हणजे मंत्री महोदयांच्या नागपूरहूनच, शहरात शिरतो. मे महिन्यात या रस्त्यावर पारा बेचाळीस अंशांच्या वर जातो. गोठवलेल्या मालाला उणे 18 अंश लागतात, म्हणजे हौद्याच्या भिंतीच्या दोन बाजूंत साठ अंशांचा फरक असतो, आणि तो पेलायला मध्ये असतो फक्त काही सेंटिमीटर जाडीचा फोम.

पहिल्या वस्तूच्या तयारीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण गॅरेजवाल्यांना ती पाठ असते. ट्रेलरला ओढणाऱ्या गाडीशी जोडणारा पोलादी खुंटा, म्हणजे किंगपिन, झिजला आहे का ते मोजणे. हवेच्या पाइपांच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे उठतात का ते पाहणे. ब्रेकचे लायनर, पाटे, टायर, मागचे दिवे, परावर्तक पट्ट्या, आणि लहान गाडी खाली घुसू नये म्हणून मागे व बाजूंना लावलेले अडथळे तपासणे, हे सारे पासिंगच्या आधी होतेच. मंत्रालयाने 2021 साली स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम केले, त्यांत चाचणी करणाऱ्या केंद्राला दुरुस्तीचा किंवा विक्रीचा व्यवसाय करण्यास मनाई केली आणि ब्रेकसारख्या तपासण्या माणसाच्या अंदाजाऐवजी यंत्राच्या मापावर आणल्या, हे स्वागतार्हच आहे. तथापि त्याच केंद्रातून बाहेर पडणाऱ्या रीफरचा मागचा दरवाजा कोणी उघडून पाहिलेला नसतो.

दुसरी वस्तू, हौदा, ही अधिक बारकाईने पाहण्याजोगी आहे, कारण तिचे बिघडणे डोळ्यांना दिसत नाही. हौद्याच्या भिंती पॉलियुरेथेन फोमच्या दोन्ही बाजूंना फायबरचे किंवा धातूचे पत्रे चिकटवून बनवतात. फोममधल्या सूक्ष्म पोकळ्यांत कोंडलेल्या वायूमुळे उष्णता अडते. फोर्कलिफ्टचा एक धक्का बसून आतल्या पत्र्याला चीर पडली, की धुण्याचे पाणी फोममध्ये मुरते, वजन वाढते आणि तो भाग उष्णतेला वाट करून देतो; वरून रंग मारला की चीर झाकली जाते, पाणी तसेच राहते. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या आश्रयाने 1970 साली जिनिव्हा येथे झालेल्या नाशवंत अन्नवाहतुकीच्या करारात यासाठी एक माप ठरवले आहे: भिंतीच्या एका चौरस मीटरमधून, आतबाहेर एका अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता आत येते ते मोजायचे, आणि गोठवलेल्या मालाच्या हौद्यासाठी ती 0.4 वॅटपेक्षा जास्त असता कामा नये. साधारण दीडशे चौरस मीटर पृष्ठभागाच्या हौद्यात साठ अंशांच्या फरकाला याचा अर्थ 3,600 वॅट होतो. हेच माप जुनेपणामुळे 0.7 वर गेले तर 6,300 वॅट. हा वाढीव भार यंत्राने डिझेल जाळून उपसायचा असतो, आणि ते न जमल्यास तो मालाला सोसावा लागतो. म्हणूनच त्या करारान्वये हौद्याची सहाव्या आणि नवव्या वर्षी फेरतपासणी होते.

अशी पूर्ण मापणी प्रयोगशाळेतच होऊ शकते, हे मान्य आहे. पण पासिंगच्या आवारात करता येण्याजोग्या तपासण्याही आहेत आणि त्यांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही. दरवाजाच्या रबरी पट्टीत कागदाचा तुकडा ठेवून दार लावावे आणि तो ओढून पाहावा. कागद अलगद निसटला तर तेथून थंडीही निसटते. एका माणसाने आत उभे राहावे, दुसऱ्याने दार लावावे, आणि आतल्या अंधारात कडेने उजेडाची रेघ दिसते का ते पाहावे. मात्र ही दुसरी तपासणी करण्याआधी तिसरी करावी लागते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे: दार आतून उघडणारी कळ आहे का, ती गंजलेली किंवा बर्फाने धरलेली नाही ना. चांगला हौदा जवळपास हवाबंद असतो. ऑक्टोबर 2019 मध्ये इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात एका शीतवाहक ट्रेलरमध्ये 39 व्हिएतनामी स्थलांतरितांचे मृतदेह सापडले. शीतकरण यंत्र बंद होते, आणि ते सारे गुदमरून गेले होते. तो मानवी तस्करीचा गुन्हा होता, पण बंद दारामागे हवा किती वेळ पुरते हा प्रश्न हमालाच्या बाबतीतही तोच राहतो. खोके लावणारा हमाल आत असताना कोणी चुकून कडी घातली, तर त्याचा जीव त्या एका कळीवर अवलंबून असतो.

तिसरी वस्तू म्हणजे शीतकरण यंत्र. त्याचे पट्टे, कंडेन्सरच्या जाळीत साचलेली धूळ, बाष्पक नळ्यांवर जमणारा बर्फ वितळवण्याची व्यवस्था, आणि वायूची गळती या गोष्टी मिस्त्री पाहतोच. तपासणीसाच्या दृष्टीने निर्णायक आहे तो तापमापक, कारण पुढच्या साऱ्या नोंदी त्याच्याच शब्दावर विसंबून असतात. तो खरा बोलतो की नाही हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही: स्टीलच्या डब्यात बर्फाचा बारीक चुरा भरावा, चुरा भिजेल इतकेच पाणी घालावे, ढवळून त्यात संवेदक बुडवावा आणि काही मिनिटांनी आकडा वाचावा. तो शून्य असायला हवा. दोन अंश जास्त किंवा कमी दाखवणारा संवेदक लशींसारख्या 2 ते 8 अंशांच्या मालाची नासाडी करू शकतो, आणि कागदावर सगळे ठीक दिसत राहील. या यंत्राच्या स्वतःच्या इंजिनाचा धूरही तपासला जावा, कारण ओढणाऱ्या गाडीचे प्रदूषण प्रमाणपत्र त्या इंजिनाबद्दल काहीच सांगत नाही.

भोपाळमधून हे लिहिताना 1984 च्या वायुदुर्घटनेचा उल्लेख टाळता येत नाही, आणि टाळूही नये. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेटच्या टाक्या थंड राखणारी शीतकरण यंत्रणा त्या वर्षीच्या जूनमध्येच बंद करण्यात आली होती, आणि 2 व 3 डिसेंबरच्या मधल्या रात्री 610 क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरून अभिक्रिया भडकली, तेव्हा निसटलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणारी नळीही काढून ठेवलेली होती. त्या संहाराशी एका ट्रेलरची तुलना होऊ शकत नाही. पण बसवलेले यंत्र आणि चालू असलेले यंत्र यांत काय अंतर असते, हे या शहराला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. आणि डिझेल वाचवण्यासाठी वाटेत रीफरचे यंत्र बंद करून मुक्कामाच्या आधी पुन्हा सुरू करण्याची प्रथा या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे. एकदा वितळून पुन्हा गोठलेले आइस्क्रीम चमच्याला करकरीत लागते, तेवढे तरी कळते. लशीच्या कुपीला तेही नेहमी सांगता येत नाही.

अन्नवाहतुकीचा परवाना भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाकडे आणि वाहनाची योग्यता परिवहन खात्याकडे, अशी विभागणी असल्याने हौदा दोघांच्या मधोमध राहतो. राष्ट्रीय शीतसाखळी विकास केंद्राच्या 2015 च्या अभ्यासात देशाला सुमारे 62 हजार शीतवाहनांची गरज असून प्रत्यक्षात दहा हजारांहूनही कमी असल्याचे नोंदवले होते. तेव्हा हा ताफा वाढणारच आहे, आणि नियम त्याआधी होणे सोयीचे आहे.

1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे करून मंत्रालयाने चालकाच्या घामाची दखल घेतली. त्याच मंत्रालयाने आता स्वयंचलित केंद्रांच्या चाचणीयादीत शीतवाहक ट्रेलरसाठी चार नोंदी वाढवाव्यात: दाराची पट्टी, आतून उघडणारी कळ, बर्फाच्या पाण्यात तपासलेला तापमापक, आणि रिकामा हौदा ठरलेल्या वेळात ठरलेल्या तापमानाला पोहोचून तेथे टिकतो की नाही याची छापील नोंद. या नोंदींसह मिळणारे योग्यता प्रमाणपत्र अन्न परवान्याच्या नूतनीकरणाशी जोडले जावे, आणि तपासणीपूर्व तयारीचे पत्रक हिंदी व मराठीत, चालकाला आणि मिस्त्रीला वाचता येईल अशा ठळक अक्षरांत, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवणे बंधनकारक व्हावे. आतून उघडणाऱ्या कळीची जागा दाखवणारा बाण त्यात सर्वांत वर आणि अंधारात दिसेल असा असावा.

अरेरा कॉलनी, भोपाळ येथील मराठी भाषक रहिवासी