खरडलेली शेते, उपसलेली पात्रे: नदीचा जमाखर्च

सप्टेंबर 2025 मधील अतिवृष्टीत बीड जिल्ह्यातील सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा आणि गोदावरी या नद्या पात्राबाहेर आल्या. पाणी ओसरल्यावर नदीकाठी दोन परस्परविरुद्ध चित्रे दिसली. काही शेतांतील माती खालचा मुरूम उघडा पडेपर्यंत खरडून गेली होती, तर काही शेतांवर वाळू आणि दगडगोट्यांचा थर बसला होता. राज्य सरकारने ऑक्टोबरमध्ये खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47 हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाख रुपयांपर्यंतची मदत जाहीर केली. पैशांचा हिशेब असा मांडला गेला. माती आणि वाळूचा हिशेब मात्र नदी स्वतः ठेवते. तो न वाचता पुढची कामे काढली, तर पुढच्या मोठ्या पुरात तेच नुकसान पुन्हा होऊ शकते.

वेग दुप्पट, ताकद चौसष्ट पट

नदी पाण्याबरोबर गाळही वाहून नेते, आणि तो तीन प्रकारे. दगडगोटे तळाशी घासत, गडगडत जातात. वाळूचे कण छोट्या उड्या मारत पुढे सरकतात. काळ्या मातीचे बारीक कण पाण्यातच मिसळून राहतात. पुराचे पाणी गढूळ दिसते ते त्यांच्यामुळे. बालाघाटाच्या डोंगररांगांतील बेसॉल्ट खडक झिजून हे तिन्ही प्रकारचे साहित्य सिंदफणा आणि बिंदुसरेच्या पात्रांत येते.

पाण्याचा वेग आणि त्याची वाहून नेण्याची ताकद यांचे नाते सरळ नसते. वेग दुप्पट झाला, तर पाणी हलवू शकते त्या दगडाचे वजन दुप्पट न होता सुमारे 64 पट होते. त्यामुळे वर्षभर निवांत दिसणारी नदी पुराच्या मोजक्या दिवसांत पात्राचा आकार बदलून टाकते.

शेतांतील दोन चित्रांचे उत्तरही इथेच आहे. पुराचे पाणी वळण सोडून शेतातून आडवे निघते, तेव्हा त्याला जवळची आणि जास्त उताराची वाट मिळते. वेग वाढतो आणि भिजून सैल झालेली माती निघून जाते. हेच पाणी पुढे सपाटीवर पसरले की त्याचा वेग मंदावतो. मग आधी गोटे, नंतर वाळू आणि सर्वांत शेवटी बारीक गाळ खाली बसतो. एकाच्या शेतातून गेलेली माती दुसऱ्याच्या बांधावर किंवा धरणाच्या तळाशी जाऊन थांबते.

धरणाखालचे भुकेले पाणी

1976 मध्ये पूर्ण झालेले पैठणचे जायकवाडी धरण आणि सिंदफणेवरील माजलगाव धरण यांनी या वाहतुकीत मोठा अडसर घातला. जलाशयात पाणी संथ होते. जाड वाळू जलाशयाच्या वरच्या तोंडाशी बसते आणि बारीक गाळाचा बराच भाग भिंतीकडे साचतो. खाली सोडलेल्या पाण्यात वाहून नेण्याची ताकद शिल्लक असते, पण वाहून न्यायला फारसे काही नसते. ही उणीव ते खालचा तळ आणि काठ खरवडून भरून काढते. अमेरिकी अभ्यासक मॅथियस कोंडॉल्फ यांनी 1997 मध्ये अशा प्रवाहाला ‘भुकेले पाणी’ म्हटले होते.

हा परिणाम थेट समुद्रापर्यंत पोहोचतो. 1970 च्या दशकात गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशापर्यंत वर्षाला सुमारे 15 कोटी टन गाळ पोहोचत होता. 1990 च्या दशकात तो 6 कोटी टनांच्या आत आल्याचे आंध्रातील संशोधकांना आढळले आणि तेथील किनारा खचण्याशी त्यांनी या घटीचा संबंध जोडला.

‘पुराने वाळू भरून निघाली’ हा समज

गेवराई आणि माजलगाव तालुक्यांतील गोदाकाठ अनेक वर्षे वाळूउपशामुळे चर्चेत आहे. पात्रातील खड्डा जागेवर राहत नाही. त्याच्या वरच्या कडेला उतार एकदम वाढतो, तिथला तळ कापला जातो आणि ही कपात प्रवाहाच्या उलट दिशेने सरकत जाते. खाली जाणारी वाळू खड्ड्यात अडकते, म्हणून पुढचे पाणी पुन्हा भुकेले राहते. काठ ढासळतात, पुलांचे पाये उघडे पडतात. वाळूच्या थरात साधारण एक तृतीयांश जागा पोकळ असते आणि तीच पाणी साठवते. हा थर गेला आणि तळ खाली गेला, की काठावरच्या विहिरींचे पाणीही उतरते.

मोठ्या पुरानंतर ‘वाळू भरून निघाली’ हा युक्तिवाद नेहमी पुढे येतो. तो अर्धवट आहे. आलेल्या वाळूचा काही भाग वरच्या काठांतून आणि तळातूनच सरकलेला असतो, आणि तोच पूर इथली वाळू पुढेही नेतो. त्यातून अनेक वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची जमा ही दरवर्षीची आवक धरता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये छोट्या वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. ऑगस्ट 2025 मध्ये, वाळू पुन्हा किती भरते याचा अभ्यास नसलेला जिल्हा सर्वेक्षण अहवाल ग्राह्य धरता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने स्पष्ट केले. असा अभ्यास म्हणजे ठरलेल्या जागी पावसाळ्याआधी आणि नंतर पात्राची खोली मोजणे आणि हे काम सलग काही वर्षे करणे. सप्टेंबरच्या पुराआधीची मोजणी जिथे झालेली नाही, तिथे त्यानंतर दिसणाऱ्या वाळूवरून आवक ठरवता येणार नाही.

गाळ शेतात, पण तपासून

2017 पासूनची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना खरडलेल्या जमिनींना उपयोगी ठरू शकते, कारण साचलेला गाळ ही मुळात शेतांचीच माती आहे. पण प्रत्येक गाळ सारखा नसतो. जलाशयाच्या तोंडाशी वाळू जास्त मिळते, भिंतीजवळ चिकण माती. निव्वळ चिकण मातीचा जाड थर मुरमावर पसरला, तर पाणी साचून पीक पिवळे पडते. म्हणून आधी गाळाची तपासणी करावी आणि मग तो मुरमात मिसळावा.

पुरानंतर नदी खोल आणि सरळ करण्याची मागणीही जोर धरते. गावाजवळ अडथळे काढणे गरजेचेच आहे. परंतु वळणे सरसकट सरळ केली, की उतार आणि वेग दोन्ही वाढतात आणि खरडण्याचा धोका खालच्या गावाकडे सरकतो. जेसीबी पात्रात उतरण्याआधी ग्रामसभेने विचारण्यासारखे प्रश्न तीन आहेत: पात्राची मोजणी झाली आहे का, निघणारी वाळू आणि गाळ कुठे जाणार, आणि खालच्या गावावर त्याचा काय परिणाम होणार?