तिसऱ्या पादाचा मान

गेल्या पावसाळ्यात समाज-आरोग्याच्या प्रशिक्षणासाठी मुळशी तालुक्यात आलेली एक परिचर्या-विद्यार्थिनी एका मधुमेही वृद्धास घेऊन माझ्या चिकित्सालयात आली. गृहभेटीत त्याच्या पायाच्या बोटांमधील जखम तिच्या दृष्टीस पडली होती. वेदना नसल्याने घरच्यांचे तिकडे लक्ष गेले नव्हते. ती तपशील सांगू लागली, तोच मी विचारले, ‘‘तुमच्या मॅडम कुठे आहेत?’’ ती गप्प झाली. तिला जे सांगावयाचे होते, तेच पुढे मला त्या वृद्धाकडून मोठ्या कष्टाने काढून घ्यावे लागले.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले. उपचारज्ञता, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच हे उपस्थात्याचे गुण. भिषकाचे गुण चार, तसे उपस्थात्याचेही चारच. वैद्याचे प्राधान्य सांगणारा कुंभाराचा दृष्टांत आपणांस मुखोद्गत असतो. मात्र माती आणि चाकावाचून कुंभारही रिकाम्या हातांचाच, याचा आपणांस विसर पडतो.

या मुलींवरील ताण लहान नाही. मराठी माध्यमातून आलेल्या अनेकींपुढे इंग्रजी ग्रंथ, रात्रपाळी, घरापासून दूर वसतिगृहातील वास्तव्य आणि त्यावर ‘नुसती नर्स’ हा शिक्का. रात्रिजागरणाने रूक्षता व वातवृद्धी होते, अतिचिंतनाने रसवह स्रोतसे दूषित होतात, हे आपण जाणतो. अशी विद्यार्थिनी निद्रानाशाची तक्रार घेऊन आली, तर अश्वगंधा, ब्राह्मी लिहून देणे सोपे आहे. परंतु निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी. आणि येथील एक हेतू आपले वर्तन आहे.

याच पुणे जिल्ह्यात १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुणे सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी विधवा स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट दाखविली, तेव्हा प्रतिष्ठित घरांत हे काम हीन मानले जाई. एवढ्या कष्टाने मिळालेली प्रतिष्ठा आपण एका वाक्यात काढून घेतो. आपली पदवी दुय्यम लेखली जाते, हे शल्य आपण प्रत्येक सभेत बोलून दाखवितो. ज्याला अवहेलनेची चव ठाऊक आहे, त्याने ती दुसऱ्याच्या ताटात वाढू नये.

यास्तव तीन गोष्टी सुचवितो. विद्यार्थिनीस नावाने संबोधावे आणि तिचे निरीक्षण आधी ऐकावे. औषधालयचालकांनी तिला आसवारिष्टांची मात्रा, अनुपान व पथ्य समजावून द्यावे. रुग्ण घरी प्रत्यक्षात कोणकोणती औषधे एकत्र घेतो, हे पुष्कळदा तिलाच दिसते. आणि संघटनेच्या शाखांनी वर्षातून एकदा तरी या विद्यार्थिनींना सभेस बोलावून त्यांचे अनुभव ऐकावेत.

यास खर्च नाही. त्या वृद्धाची जखम वेळीच भरून आली. श्रेय कोणाचे, हे मी त्या मुलीला त्याच दिवशी सांगावयास हवे होते.