साडेपाचची बस

पुणे-सोलापूर रस्त्याने हडपसर, शेवाळवाडी, कदमवाकवस्ती करत लोणी काळभोरला पोचायचं म्हणजे संध्याकाळी सहज तास मोडतो. अंतर विचाराल तर पंधरा-सतरा किलोमीटर. तेलाच्या डेपोकडे निघालेल्या टँकरांची रांग, मधेच उसाची डबल ट्रॉली आणि या सगळ्यात अडकलेल्या कॉलेजांच्या बस. बसकडे नंतर येतो. आधी नदी.

रस्ता सोडून आत वळलं की मुळा-मुठेच्या काठी राजबाग लागते. राज कपूरचं हे शेतघर. 'सत्यम शिवम सुंदरम'चं चित्रीकरण इथलंच. आता तिथे एमआयटी आर्ट, डिझाइन अँड टेक्नॉलॉजी विद्यापीठ आहे, दर्यावर्दी घडवणारी 'मॅनेट' ही संस्था आहे आणि नदी शेजारीच असल्यामुळे रोइंगही आहे. गेल्या हिवाळ्यात त्या बाजूला गेलो होतो. रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेताना एक गृहस्थ भेटले. मुलगा संगणकशास्त्राला. कुठल्या कॉलेजात ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मुलगा वल्हवायला जातो हे मात्र त्यांनी न विचारता सांगितलं, आणि पुढे म्हणाले, "अहो, फी आम्ही इंजिनिअरिंगची भरलीय, नावाड्याची नाही."

टपरीवरचे सगळे हसले. मीही हसलो. उत्तर तेव्हा सुचलं नाही, ते आज देतो आहे.

पण आधी त्यांची बाजू नीट मांडली पाहिजे, नाहीतर ते खंडन नव्हे, कुरघोडी. शिक्षणाचं कर्ज असतं. पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर डिफॉल्टर यादीत नाव लागतं. जर्नल, टर्म वर्क, ओरल, सबमिशन, त्यात एखादा विषय राहिलेला. तिसऱ्या वर्षापासून प्लेसमेंटचा घोर. अशा मुलाने सकाळ-संध्याकाळ मिळून तीन तास पाण्यावर घालवायचे? आणि घालवून काय मिळवायचं, विद्यापीठाच्या छातीवर लावायला एक बिल्ला? या आक्षेपात दम आहे. त्याला आमच्या बाजूचे लोक जे उत्तर देतात त्यात तेवढाही दम नाही.

आमच्या बाजूचं उत्तर ठरलेलं आहे. खेळाने नेतृत्वगुण येतात, संघभावना वाढते, निरोगी शरीरात निरोगी मन. क्रीडादिनाच्या प्रत्येक भाषणात ही तीन वाक्यं असतात आणि भाषण करणारा बहुधा मैदानापर्यंतसुद्धा गाडीने आलेला असतो. मला ही वकिली नको. नेतृत्वगुण गणेशमंडळातही येतात, आणि जास्त लवकर येतात.

मी वेगळं सांगतो. होडी सगळ्यात वेगात कधी असते? वल्हं पाण्यात दाबलेलं असताना, असं कोणीही म्हणेल. चूक. वल्हं पाण्याबाहेर आल्यावर खेळाडू गुडघे मुडपत, सरकत्या बैठकीवरून होडीच्या मागच्या टोकाकडे येतो, तेव्हा. सत्तर-ऐंशी किलोचं शरीर मागे सरकतं आणि हलकी होडी त्याच्याखालून पुढे निसटते. एकट्याच्या शर्यतीच्या होडीचं किमान वजन १४ किलो ठरलेलं आहे. माणूस तिच्या पाच-सहा पट जड. म्हणून बैठक घाईने मागे आणली की वल्हं टाकताना होडीला हिसका बसतो आणि कमावलेला वेग जातो. मोबाइल होडीच्या तळाशी घट्ट बांधा, त्यातल्या त्वरणमापकाचा आलेख काढा, हे सगळं वर-खाली होताना दिसेल. पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्समध्ये संवेगाची अक्षय्यता पाच गुणांना असते. इथे ती दोन हजार मीटर चालते, आणि चुकली तर पाठ सांगते. त्या गृहस्थांचा मुलगा नावाडी होत नव्हता. ज्याची फी भरली होती, तेच तो ओल्या कपड्यांत शिकत होता.

अर्थात प्रत्येक खेळातून अभ्यासक्रम पिळून काढायचा माझा आग्रह नाही. कबड्डीत कुठलं समीकरण आहे ते मला माहीत नाही, आणि मी तीन वर्षं कबड्डी खेळलो आहे.

दुसरा आक्षेप जास्त चलाख आहे. तो म्हणतो, खेळा, पण मग पदकं आणा. आणणार नसाल तर हा खर्च कशाला? त्याच्या हाताशी उदाहरणंही असतात. दत्तू भोकनळ घ्या. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, विहिरींवर काम केलेला मुलगा. २०१२ साली सैन्यात गेला, तिथे वल्हं हातात आलं, २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आला आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्णपदक घेऊन आला. पुण्यातल्याच आर्मी रोइंग नोडमध्ये तो तयार झाला. मग तुमच्या कॉलेजांतून एक तरी दत्तू का नाही?

कारण दत्तूला सबमिशन नव्हतं. सैन्याने त्याला दिवस दिला. पूर्ण दिवस, वर्षानुवर्षं, खाण्यापिण्यासकट. बीडच्या आष्टी तालुक्यातला धावपटू अविनाश साबळे असाच सैन्यात घडला. नेमबाज स्वप्नील कुसाळेच्या पाठीशी क्रीडा प्रबोधिनी आणि पुढे रेल्वेची नोकरी होती. आपल्याकडे जागतिक पदकांचा रस्ता लष्कर, रेल्वे आणि प्रबोधिनीतून जातो. तंत्रविद्यापीठाच्या दारावरून तो जात नाही आणि जाण्याची गरजही नाही. प्रॅक्टिकल संपवून धावत काठावर येणाऱ्या मुलाला दत्तूच्या मापाने मोजणं म्हणजे भिशीला रिझर्व्ह बँकेचे नियम लावणं.

पदकाचा हट्ट धरला की आणखी एक भानगड होते. विद्यापीठं खेळाडू घडवायचं सोडून आणायला लागतात. प्रवेश कुठल्यातरी नावापुरत्या कोर्सला, खोली वसतिगृहात, फोटो माहितीपत्रकात. त्या मुलाला वर्ग ओळखत नाही आणि वर्गातल्या मुलांना मैदान ओळखत नाही. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत नंबर येतो खरा. पण तो कोणाचा?

इथे आक्षेपकांचा हुकमी एक्का बाहेर येतो. ते म्हणतात, खुद्द अमेरिकेतल्या एमआयटीने, मॅसॅच्युसेट्सच्या, २००९ साली आठ विद्यापीठ-संघ बंद केले. त्यात कुस्तीही होती. गोष्ट खरी आहे, पैशांची ओढाताण होती म्हणून बंद केले. पण एकेचाळीसातून आठ गेले, उरले तेहेतीस. जगातल्या सर्वात नावाजलेल्या तंत्रविद्यापीठाचे तेहेतीस संघ! त्यांतले बहुतेक अमेरिकेच्या विद्यापीठीय स्पर्धांच्या तिसऱ्या विभागात खेळतात. या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. म्हणजे तिथे धावणारी मुलगी धावण्याबद्दल एक डॉलर न घेता, तोच प्रॉब्लेम सेट सोडवून धावते. अशाच मुलींनी २०२४ साली क्रॉस कंट्रीचं त्या विभागाचं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. शिवाय पदवीआधी पोहण्याची अट आहे, सगळ्यांना. आपल्याकडे नदीकाठी चार वर्षं शिकून पाण्याला पाय न लावलेले इंजिनिअर दरवर्षी बाहेर पडतात. (आजच्या मुळा-मुठेला पाय लावू नये हेही खरं. सगळ्या पुण्याचं सांडपाणी आणि जलपर्णी घेऊन ती लोणीला येते. वल्हवणाऱ्यांना तिचा वास कुठल्याही अहवालाआधी कळतो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

त्या एमआयटीकडून उचलण्यासारखी गोष्ट मैदानं नव्हे, तरणतलाव नव्हे. एक साधा नियम आहे. सोमवार ते गुरुवार संध्याकाळी पाच ते सात या वेळात पदवीच्या विद्यार्थ्यांचे वर्ग ठेवायचे नाहीत. हे दोन तास खेळाचे, नाटकाचे, गाण्याचे. प्राध्यापकाने मागितले तरी मिळत नाहीत.

हे दोन तास नसले की काय होतं याचं उदाहरण आपल्याच क्रिकेटमध्ये आहे. एरापल्ली प्रसन्ना १९६२ साली कसोटी खेळले, वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर गेले आणि परत येऊन इंजिनिअरिंगची पदवी पुरी करायला बसले. पुढची कसोटी १९६७ साली! एकूण ४९ कसोटींत १८९ बळी घेणारा ऑफस्पिनर ऐन तारुण्यातली पाच वर्षं देशाला मिळाला नाही. आपण ही गोष्ट अभिमानाने सांगतो: बघा, शिक्षण सोडलं नाही. मला तीत अभिमानाचं काही दिसत नाही. पदवी आणि फिरकी एकाच दिवसात बसवता आली नाहीत, यात दोष ना पदवीचा ना फिरकीचा.

तिसरा आक्षेप जाहिरातीचा. विद्यापीठांतले खेळ म्हणजे ड्रोनने काढलेले फोटो, पाहुणा म्हणून आलेला नट आणि फ्लेक्स. याच्याशी मी निम्मा सहमत आहे. पण स्पर्धा भरवणं वाईट नाही. राजबागेत दरवर्षी विश्वनाथ स्पोर्ट्स मीट भरते, बाहेरच्या कॉलेजांचे संघ येतात, पोरं एकमेकांना बघतात. हे व्हायलाच हवं. शिवाजीनगरला सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजची रेगाटा, म्हणजे होड्यांचा उत्सव, गेली जवळपास शंभर वर्षं नदीच्या पाण्यावर होते. मूळ १८५४ सालचं कॉलेज २०२२ साली तंत्रविद्यापीठ झालं, रेगाटा तशीच राहिली. संध्याकाळी मशाली फिरायला लागल्या की पुलावरून जाणारे लोक दुचाक्या कडेला घेतात. ती जाहिरात असेल तर शंभर वर्षं टिकणारी जाहिरात मला मान्य आहे. कारण तिच्यामागे महिनोन्महिन्यांच्या सरावाच्या संध्याकाळी असतात. स्पर्धा वर्षातले चार दिवस. उरलेल्या दिवसांचं काय, एवढाच प्रश्न आहे. स्पर्धेच्या दिवशी हार घालायचा आणि बाकीच्या दिवशी गैरहजेरी लावायची, हा व्यवहार फसवा आहे.

मी ज्या कॉलेजात होतो त्याचं नाव राहू द्या. आम्ही झोनलला जिंकलो तेव्हा प्राचार्यांनी संघाबरोबर फोटो काढून घेतला. त्याच आठवड्यात लागलेल्या डिफॉल्टर यादीत संघातले पाच जण होते, मी चौथा. पीटीचे सर यादी घेऊन विभागप्रमुखांकडे गेले आणि हात हलवत परत आले. मला म्हणाले, "बाळा, सामन्याची रजा आहे, सरावाची नाही." इतकं नेमकं वाक्य मी नंतरच्या आयुष्यात फार कमी वेळा ऐकलं.

क्रीडादिनाच्या भाषणात खाशाबा जाधव असतातच. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, खाशाबांनी कांस्यपदक आणलं. टाळ्या. आता प्राचार्यांकडे घर कोणी मागत नाही. दोन तास मागतो आहोत.

आणि हे दोन तास कागदावर मिळाले तरी लोणीसारख्या, शहराबाहेरच्या कॅम्पसांत ते हाती येत नाहीत, कारण बस. हडपसर, स्वारगेट, कात्रज, सिंहगड रोडहून येणारी पोरं शेवटचं लेक्चर संपलं की बसच्या वेळेवर निघतात. ती चुकली तर हायवेवर उभं राहून पीएमपीची वाट बघायची, ती आली तर तिच्यात लटकायचं आणि टँकरांच्या मागे मगरपट्ट्यापर्यंत सरकायचं. मुलींच्या घरून तर फोन आधीच आलेला असतो. त्यामुळे संघात उरतात फक्त वसतिगृहातली मुलं. संघ निवडणारा खरा माणूस प्रशिक्षक नव्हे, बसचं वेळापत्रक लावणारा वाहतूक विभागातला कारकून आहे. आमच्या वेळी आमची बस साडेपाचला सुटायची. माझ्याबरोबर पहिल्या वर्षी निवड चाचणीला आलेला, माझ्यापेक्षा कितीतरी चपळ असा एक मुलगा तिसऱ्या दिवशी सरावाला आला नाही. तो खिडकीत बसलेला दिसला. मी हात केला, त्याने घड्याळ दाखवलं.

म्हणून टपरीवरच्या त्या गृहस्थांना माझं एवढंच म्हणणं आहे: फी भरली आहे, तर पालकसभेत उठून विचारा, सव्वासातची दुसरी बस आहे का? वल्हवायला जाऊ द्यायचं की नाही, हे मग घरी बसून ठरवा.