सिस्टर, एक मिनिट!

एसटीत ‘चालकाशी बोलू नये’ ही पाटी वाचून कोणी रागावत नाही. औषधे वाटणाऱ्या सिस्टरला मात्र आपण खुशाल हाका मारतो.

माकुणसारहून काकींच्या सोबतीला मी एका सरकारी रुग्णालयात चार दिवस राहिलो. घरातला पहिला कॉलेजवाला, म्हणून विचारपूस माझ्याकडे! डॉक्टर कधी येणार, सलाइन संपले, पंखा बंद आहे, साऱ्या वॉर्डाचे प्रश्न एकट्या सिस्टरलाच. फोनही तिनेच उचलायचा. एक सिस्टर औषध देताना हाकेला ओ देत नसत. गोळी रुग्णाच्या पोटात गेली, कागदावर नोंद झाली, की मगच वळून बघत. नातेवाईक त्यांना शिष्ट म्हणत. पण पलीकडच्या खाटेवर आजोबांना धाप लागली तेव्हा त्याच हातातले काम टाकून धावल्या, आणि परतल्यावर केसपेपर पुन्हा पहिल्यापासून वाचला. याला मी शिष्टपणा म्हणणार नाही.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या सिडनीतील संशोधनात औषध देण्याचे ४,२७१ प्रसंग तपासले होते. निम्म्याहून अधिक वेळा परिचारिकेला कोणीतरी मध्येच अडवले होते. व्यत्यय वाढले तशा चुकाही वाढल्या.

काही देशांत ‘औषध देत आहे, बोलू नका’ असे लिहिलेले जाकीट परिचारिकांना घालायला देतात. आपल्याकडे नुसत्या जाकिटाने काय होणार? घाबरलेला नातेवाईक कोणाला तरी विचारणारच. औषधांच्या वेळेपुरता तरी फोन घ्यायला आणि आम्हांला उत्तरे द्यायला वॉर्डात दुसरे माणूस नेमावे.