रोहित्र जळते की जाळले जाते?

रब्बी ऐन भरात येते, गहू-हरभऱ्याला पाण्याची निकड लागते आणि नेमकी त्याच वेळी शिवारातली डी.पी. जळते. चिखली तालुक्यातील अमडापूरपासून थेट पूर्व विदर्भापर्यंत शेतकऱ्याच्या वाट्याला येणारे हे दुखणे जुनेच आहे. त्यावरचे सरकारी उत्तरही जुनेच : भार वाढला, आकडे टाकले गेले, हवामान प्रतिकूल होते. निसर्ग दोषी, शेतकरी दोषी. व्यवस्था तेवढी निर्दोष!

हा युक्तिवाद शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. भारतीय मानकाने वितरण रोहित्रासाठी ५० अंश सेल्सिअसपर्यंतची हवा गृहीत धरलेली आहे. ६३ केव्हीएच्या रोहित्रावर ५ अश्वशक्तीचे दहा-बारा पंप चालावेत, हे साधे गणित आहे. मग त्याहून अधिक जोडण्या मंजूर होतात तेव्हा दोष कोणाचा? चोरून आकडे टाकले जातात, हेही खरे. परंतु योग्य मापाचा फ्यूज असता तर तो वितळला असता आणि रोहित्र वाचले असते. त्याजागी ॲल्युमिनियमची जाड तार गुंडाळली, की वितळण्याची पाळी रोहित्राच्या वेटोळ्यांवर येते.

पावसाळ्यातील दमट हवा ब्रीदरवाटे आत शिरते. त्यातील सिलिका जेलचे निळे खडे ओलावा शोषून गुलाबी झाले, की ते बदलावे लागतात. न बदलल्यास पाणी तेलात उतरते आणि तेलाची विद्युतरोधक शक्ती ढासळते. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगची पकड सुटते. म्हणून ते खोल हवे आणि वेळोवेळी मोजलेले हवे. यातले काहीही महागडे नाही. हवा आहे तो नियमित फेरी मारणारा, पुरेशा संख्येने नेमलेला कायम कामगार.

परंतु २००५ साली वीज मंडळाचे विभाजन झाले, ताळेबंदाची भाषा आली आणि देखभाल कंत्राटावर सोपवली जाऊ लागली. २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर झाली. जळालेल्या रोहित्रातून मोफत वीज तरी कशी वाहणार?

२००३ च्या वीज कायद्याचे कलम ५७ सेवेत कसूर झाल्यास ग्राहकाला भरपाईचा हक्क देते. कार्यकर्त्यांनी गावोगावी हा हक्क बजावून घेतला पाहिजे. प्रत्येक डी.पी.वरील मंजूर भार, तेल, ब्रीदर व अर्थिंग यांच्या तपासणीची नोंद ग्रामसभेपुढे आलीच पाहिजे. वर्गणी काढून रोहित्र आणण्याची लाचारी शेतकऱ्याने यापुढे पत्करू नये. वीज ही मेहेरबानी नव्हे. ती त्याच्या घामाची देणी आहे.